मडमेची सवाष्ण

१

निवृत्त कारकुनाला कामावर ठेवण्यात एक फायदा असतो. त्याला काहीही सांगा, तो आधी यादी करतो, आणि यादी पूर्ण होईपर्यंत कुणाला त्रास देत नाही. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं मी हेच केलं. त्यामुळं विजयसिंहांनी जेव्हा "भाऊसाहेब, आमच्या बंगल्याचे क्यूरेटर व्हाल का?" असं विचारलं, तेव्हा मी घरी जाऊन शब्दकोश पाहिला आणि होकार कळवला. क्यूरेटर म्हणजे वखारीचा कारकून, फक्त वखारीला बघायला लोक येतात.

बंगला बारामतीहून इंदापूरकडं जाताना कालव्याच्या काठावर आहे. फेंटन नावाचा एक गोरा कालव्याच्या कामावर आला आणि काम संपल्यावर परत गेला नाही. त्यानं चाळीस एकर घेऊन मोसंबी लावली, कौलारू घर बांधलं, बायको आणि दोन मुली आणल्या. गावानं फेंटनचा फेटासाहेब केला. फोटोत त्याच्या डोक्यावर फेटा नाही, केसही नाहीत. पुढं जमीन विजयसिंहांच्या पणजोबांकडं आली, मोसंबी गेली, ऊस आला. घर मात्र कुणी पाडलं नाही आणि कुणी त्यात राहिलंही नाही. आता कृषी पर्यटनाचे दिवस आल्यावर विजयसिंहांनी त्याची कौलं बदलली, भिंतींना चुना दिला आणि दारावर पाटी लावली. दिवाळीनंतर शाळांच्या सहली येणार होत्या. तोवर साहेबाचा संसार साहेब ठेवायचा तसा मांडून ठेवणं, हे माझं काम.

त्यासाठी एक फोटो होता. व्हरांड्यातून आत काढलेला. जेवणाच्या खोलीत लांबट टेबल, चार खुर्च्या, टेबलाशी साहेब आणि दोन मुली. मडम खिडकीजवळच्या खुर्चीमागं उभी आहे. ती हलली असावी, कारण तिच्या तोंडाच्या जागी नुसता पांढुरका डाग आलाय. टेबल तेच होतं, खुर्च्याही त्याच. पलीकडं मडमेची झोपायची खोली, त्यात लोखंडी पलंग आणि नवी मच्छरदाणी. मी फोटो समोर धरून एकेक वस्तू जागेवर लावली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळं फोटोबरहुकूम झालं.

दुसऱ्या दिवशी एक खुर्ची फोटोबरहुकूम नव्हती.

२

मडमेचीच. टेबलापासून हातभर मागं ओढलेली आणि खिडकीकडं, म्हणजे कालव्याकडं, वळवलेली. मी ती सरळ केली. झाडलोट करणारी कुशाबाई सकाळी येते. तिनं केर काढताना सरकवली असेल, असं धरून चाललो.

पण कुशाबाई अकराला जाते, आणि खुर्ची हलायची दुपारी. मी दोन वाजता व्हरांड्यात डबा खाई, थोडं वाची, चारला आत जाई. खुर्ची वळलेली असे. आवाज कधीच आला नाही. शहाबादी फरशीवर सागवानी खुर्ची ओढली तर पलीकडच्या वस्तीवरची कुत्री उठतील. इथं काहीच नाही. जणू ती ओढलेली नसून तशीच होती, आणि सरळ मी उगाचच करत होतो.

मी कारकून असल्यानं भूत हा खुलासा शेवटी ठेवतो. आधी फरशीचा उतार तपासला. गोटी ठेवली, ती हलली नाही. मग उंदीर. अर्धा मण वजनाची खुर्ची वळवणारा उंदीर असेल तर त्याला सहलींना दाखवता येईल, असं विजयसिंहांना म्हणालो. ते हसले नाहीत.

"भाऊसाहेब, मुलं यायच्या आत ते मिटवा," एवढंच म्हणाले. "कसं मिटवायचं ते तुमी बघा."

मग मी खुर्चीचा पाय टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधला. खात्यात फायलींचे गठ्ठे बांधण्यात माझा हात कुणी धरला नव्हता. ती गाठ कापावी लागे. चार वाजता आत गेलो. खुर्ची खिडकीकडं होती. सुतळी टेबलावर होती, कापलेली नव्हती. तिची छोटी, व्यवस्थित गुंडी करून ठेवली होती, जशी काटकसरी बाई पुढच्या वेळेला उपयोगी पडेल म्हणून करून ठेवते.

मी ती गुंडी खिशात घातली आणि त्या दिवशी अर्धा तास लवकर घरी गेलो.

३

कुशाबाईला सांगितलं तेव्हा तिनं खराटा थांबवला नाही.

"मग बसती ती तितं. दुपारची. माझी आजी मडमेच्या सैपाकघरात हुती, ती सांगायची."

"कशाला बसते?"

"वाट बघाय."

"कुणाची?"

"ते मला काय ठावं? मडम आहेव गेली. मागनं साहेब पोरी घिऊन गेला आपल्या मुलखात. हिला हितंच ठिवली. थडगं हुतं मोसंबीच्या बागंत, आता ऊस हाय." खराटा थांबला. "आहेव गेलेल्या बाईचं कुणीतरी करावं लागतं भाऊसाहेब. नवमी आली जवळ. एक सवाष्ण बसवा तिच्या नावानं आन् मोकळं व्हा."

पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात. ती सवाष्ण म्हणजे त्या दिवसापुरती ती गेलेली बाईच; तिला पाटावर बसवायचं, हळदकुंकू लावायचं, तिच्या आवडीचं वाढायचं. हे मला माहीत होतं. पण एका इंग्रज, ख्रिस्ती मडमेला खीर-वडे घालायचे म्हणजे परराष्ट्र खात्याची परवानगी लागेल, असं मी म्हणालो.

"भुकेला जात आस्ती व्हय?" कुशाबाई म्हणाली आणि पुढं झाडत गेली.

हे मी घरी गंमत म्हणून सांगितलं. माझ्या बायकोला, माधवीला, गमतीतलं नेमकं नको ते उचलायची सवय आहे.

"म्हणजे शंभर वर्षं ती बाई तशीच बसलीय?"

"अगं, खुर्ची हलते. बाई कुणी पाहिलीय?"

"तुम्ही माझ्याकडं तरी कधी पाहिलंय? हलले की तेवढं कळतं." तिनं भाजी चिरायची थांबवली. "बिचारी. कोण बसणारेय तिच्या नावानं?"

कुणी बसणार नव्हतं. विजयसिंहांच्या पत्नीनं, उत्कर्षानं, वस्तीवर विचारून पाहिलं होतं. कोणीही सवाष्ण त्या घरात जेवायला तयार नव्हती, आणि कुशाबाई विधवा.

"मग मी बसते," माधवी म्हणाली.

"काहीतरीच काय!"

"काहीतरी काय त्यात? तुमच्या हातून एकेचाळीस वर्षांत धर्माचं काही झालं नाही. निदान माझ्या तोंडून होऊ दे. आयतं जेवण मिळतंय, ते पण टेबलावर."

मी फार विरोध केला नाही. खुर्ची थांबली तर मला हवंच होतं, आणि थांबली नाही तर माधवीला चिडवायला विषय मिळणार होता. दोन्हीकडून माझाच फायदा दिसत होता.

४

नवमीला मी तिला स्कूटरवरून नेलं. निघताना तिच्या उजव्या पायाच्या करंगळीवरच्या कुरुपाला औषधाची पट्टी मीच लावून दिली, कारण तिला वाकवत नाही. हिरव्या बांगड्या, ठेवणीतली जांभळी साडी. "मडमेला आवडेल का हा रंग?" असं तिनं दोनदा विचारलं.

स्वयंपाक उत्कर्षानं डब्यातून आणला होता: तांदळाची खीर, वडे, भजी, कढी, भोपळ्याची भाजी. माधवी मडमेच्या खुर्चीवर बसली. ती खुर्ची आधीच खिडकीकडं वळलेली होती. कुशाबाई म्हणाली, हलवू नका, आज तशीच राहू द्या. म्हणून टेबल तिच्याकडं सरकवलं. उत्कर्षानं कुंकू लावलं, वाढलं. माधवी कालव्याकडं बघत जेवली. मी गमतीनं म्हणालो, "मडमसाहेब, काटे-चमचे आणवू का?" ती हसली नाही. तिनं वडा खिरीत बुडवला. खीर तिला आवडत नाही, सगळ्या जगाला माहीत आहे. त्या दिवशी तिनं तीन वाट्या मागून घेतल्या.

जेवण आटोपता आटोपता उत्कर्षाला घरून फोन आला. त्यांच्याकडंही पितरांचं जेवण होतं आणि पाहुणे येऊन बसले होते.

"काकू, ओटीचं ताट कपाटावर ठेवलंय," ती चपला घालत म्हणाली. "तासाभरात येते, मग ओटी भरते. तोवर निघू नका हं."

कुशाबाईही आपल्या भावाकडं जेवायला गेली. पंधरवड्यात कोणाचा पाय एका घरात ठरत नाही.

माधवीला सुस्ती आली. खीर म्हणजे झोपेचं औषधच. "जरा पाठ टेकते," म्हणाली आणि मडमेच्या खोलीत गेली. पलंग वापरायला मनाई आहे अशी पाटी मीच लिहिली होती. ती तिनं उशीपासून बाजूला ठेवल्याचा आवाज आला. पाच मिनिटांत घोरणं सुरू झालं. माधवी घोरते. हे मी तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून सांगतो. आधी रवी फिरल्यासारखी घुसळण, मग बारीक शिट्टी, मग ओठांची मचमच. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शेजाऱ्यांनी मला पिठाची गिरणी घेतलीत का, म्हणून विचारलं होतं. मीही खांबाला टेकून डोळे मिटले.

जाग आली ती शांततेनं. चार वाजले होते. माधवी दारात उभी होती. तिनं आपल्यामागं खोलीचं दार अलगद ओढून घेतलं, कडी घातली.

"चला," ती म्हणाली.

"उत्कर्षा यायचीय. ओटी?"

"राहू दे. घरचीच तर मी."

तिचं म्हणणं पटलं. स्वतःच्या बायकोची कसली ओटी आणि कसली पाठवणी! तिला फाटकापर्यंत पोचवून निरोप द्यायचा, आणि मग पुन्हा स्कूटरवर बसवून घरी न्यायचं? मला हसू आलं. आम्ही निघालो. रस्त्यात दोनदा मला वाटलं मागं कोणी बसलेलंच नाही, इतकी स्कूटर हलकी पळत होती. आरशात जांभळा पदर दिसत होता.

५

दुसऱ्या दिवशी खुर्ची हलली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी विजयसिंहांना फोनवर कळवलं की प्रकरण निकाली निघालं. ते म्हणाले, वा. कुशाबाई मात्र मडमेच्या खोलीच्या दारापर्यंत झाडत आली आणि तिथून मागं फिरली.

"आत नाही झाडायचं?"

"सवाष्णीला वाटं लावलं का, भाऊसाहेब?"

"म्हणजे?"

"ओटी भरून, विडा दिऊन, फाटकाभाईर घालवली का?"

"अगं, ती माझीच बायको. माझ्याबरोबर घरी आली."

कुशाबाईनं माझ्याकडं पाहिलं. चौतीस वर्षांत अनेक लोकांनी माझ्याकडं रागानं पाहिलं, काहींनी तुच्छतेनं. असं कुणी पाहिलं नव्हतं.

"आली?" तिनं विचारलं. "बघितलं का नीट?"

घरी सगळं ठीक होतं. ठीकपेक्षा बरं होतं म्हणायला हवं. माधवी कमी बोलत होती. मी पेपर वाचताना ती मध्येच काही विचारत नव्हती. चहात साखर कमी पडली तर मी घालून घेत होतो आणि त्यावर टोमणा येत नव्हता. दुपारी मी घरी असलो तर आम्ही दोघंही आडवे होत असू. तिच्याकडून काहीच आवाज येत नव्हता. ती पाठीवर सरळ पडून राही, हात छातीशी. मी एकदा नाकाशी बोट धरलं. तिनं डोळे उघडले आणि हसली. झोपलेलीच नव्हती.

"कुरूप कसं आहे?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"गेलं," ती म्हणाली आणि पाऊल पुढं केलं. टाच गुळगुळीत होती. तिच्या टाचांना भेगा आहेत. मी एकेचाळीस हिवाळे त्या बघतोय.

गुरुवारी संध्याकाळी पाचला घरी आलो तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची मागं ओढलेली होती, खिडकीकडं वळवलेली. खिडकीतून आमच्याकडं समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. ती त्या जिन्याकडं बघत बसली होती.

"काय बघतेयस?"

"तुमचीच वाट," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर ऐकून बरं वाटलं. माझी वाट कुणी बघतंय, असं वाटून बरीच वर्षं झाली होती.

६

शुक्रवारी दुपारी मी व्हरांड्यात डबा उघडला. कालव्याला पाणी सुटलेलं होतं, काठावर म्हशी बसल्या होत्या. पलीकडं उसाच्या पानांची सळसळ. आणि घरातून घुसळण ऐकू येत होती.

मी पोळीचा घास हातात धरून ऐकलं. घुसळण, बारीक शिट्टी, ओठांची मचमच. पुन्हा घुसळण.

गव्हाणी घुबडांची पिल्लं माणूस घोरावा तसा आवाज करतात. हे मी पक्ष्यांवरच्या एका पुस्तकात वाचलंय, चांगल्या पुस्तकात, चित्रांसकट. जुन्या कौलारू घरांत ती घरटं करतात. मी शिडी आणली आणि माळ्यावर चढलो. माळा विजयसिंहांनी स्वच्छ करून घेतला होता. तिथं नवी जाळी होती आणि धूळही नव्हती. आवाज खालून येत होता. सदुसष्टाव्या वर्षी जमेल तितक्या बेतानं मी शिडी उतरलो.

फोन काढून घरी लावला.

"बोला," माधवी म्हणाली.

"काय करतेयस?"

"काही नाही. बसलेय."

ती बोलत असताना बंद दारापलीकडं शिट्टी वाजली, ओठांची मचमच झाली.  मग ती म्हणाली, "लवकर या," आणि फोन ठेवला.

दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट आहे. मी डोळा लावला. मच्छरदाणी खाली सोडलेली होती; ती मी वर बांधून ठेवली होती. आत अंधारात पांढऱ्या जाळीमागं कसलातरी उंचवटा. जाळीच्या खालच्या कडेतून एक पाऊल बाहेर आलं होतं. उजवं. टाचेला भेगा. बोटात जोडवं. करंगळीवर औषधाची पट्टी, कडेनं किंचित सुटलेली, कारण मी ती घाईत लावली होती.

पाऊल हललं. डास चावल्यावर हलवावं तसं, दुसऱ्या पोटरीवर घासलं, आणि आत गेलं.

मी कडीला हात लावला नाही. मी स्कूटर काढली आणि घरी गेलो. घरी माधवीनं खीर केली होती.

७

शनिवारी मी कुशाबाईच्या घरी गेलो. ती दारात शेंगा फोडत होती. मी सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं. "मला वाटलंच," असं म्हणाली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

"उद्या सर्वपित्री," ती म्हणाली. "उद्या दिवस बुडताना पितरं माघारी जात्यात. तोवर जी आत हाय तिला उठवा, ओटी भरा, हाताला धरून फाटकाभाईर काढा. दिवस बुडाला मग जी जितं हाय ती तितंच."

"ओटी मी भरू? पुरुषानं?"

"मग कोन? चुकी कुनाची हाय?"

"आणि घरी आहे तिचं काय?"

तिनं शेंगेचं टरफल फुंकलं. "ती माघारी जाईल. आपल्या जागंवर. तिचं तरी काय चुकलं म्हना, तिला बोलवून जेवू घातली, आन् जा म्हणून कुनी सांगितलंच न्हाय."

उठताना मी विचारलं, आतली माधवी आहे हे कशावरून? कदाचित आतलीच ती असेल, माझ्या बायकोचे पाय दाखवून दार उघडायला लावणारी. कारकुनाला दोन्ही बाजू तपासाव्या लागतात.

"एकेचाळीस वर्सं झाली न्हवं लग्नाला?" कुशाबाई म्हणाली. "आन् मला इचारताय?"

रविवारी सकाळी मी माधवीला म्हणालो, चल, बंगल्यावर जाऊन येऊ. तिनं मान हलवली. "मी आता तिथं पाऊल टाकणार नाही," म्हणाली. रागानं नाही. माझ्या सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "तुम्ही तरी कशाला जाता? सुट्टी आहे." तिची बोटं गार होती. माधवीनं माझी कॉलर शेवटची केव्हा सारखी केली, ते मला आठवेना. मी घरून निघेपर्यंत पावणेपाच झाले. का झाले ते सांगता येणार नाही. तिनं वाढलं, मी जेवलो, तिनं पंखा लावला, मी पडलो. ते सहा दिवस, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही पण सांगतो, चांगले गेले होते.

बंगल्यावर पोचलो तेव्हा साडेपाच वाजत होते. कालव्याच्या पाण्यावर ऊन तिरपं पडलं होतं. कपाटावर ओटीचं ताट सहा दिवसांपूर्वीचंच होतं: खण, नारळ, ओंजळभर गहू, सुकून वळलेला विडा. गव्हात मुंग्या झाल्या होत्या. मी त्या फुंकून काढल्या आणि ताट एका हातावर घेऊन दारासमोर उभा राहिलो.

आत घोरणं चालू होतं. पण हळू. घुसळण आणि शिट्टी यांच्यामध्ये फार वेळ जात होता. मी आकडे मोजायला लागलो आणि वीसपर्यंत पोचल्यावर मोजणं सोडलं.

"माधवी," मी म्हणालो.

घोरणं थांबलं. पलंगाच्या स्प्रिंगा कुरकुरल्या.

"अहो?" घसा बसलेला, झोपेतून नुकताच उठलेला, त्रासलेला आवाज. "किती वाजले? उठवायचं नाही का माणसाला? अंग कसं जड झालंय... आणि हे दार कोणी लावलं?"

मी कडीला हात घातला. नवीन कडी, तेलपाणी मीच केलेलं, ती बोटाच्या धक्क्यानं उघडते. खिडकीतून दिसत होतं, सूर्याची कड उसाला टेकली होती.

माझ्या खिशातला फोन वाजला. घरचा होता.

मी तो न घेता दार उघडू शकलो असतो. एका हातात ताट होतं आणि दुसरा कडीवर. मी कडीवरचा हात काढला.

"अहो," फोनमधून माधवी म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मला सोडून जाऊ नका ना. एकदा झालंय माझं तसं. तुम्ही या, मी जेवायची थांबलेय. मी तुम्हाला कधीसुद्धा काही बोलणार नाही."

दारापलीकडं पावलं आली. एक पाय जरा जपून टाकलेला, कुरूप दुखत असल्यासारखा. फळीला बांगड्या घासल्या. ती दाराला अगदी लागून उभी होती. फटीतून तिचा श्वास माझ्या मनगटाला लागला, उबदार, खिरीतल्या वेलदोड्याच्या वासाचा.

"कोणाचा फोन आहे हो?" माधवीनं विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणालो.

दोघींनीही ते ऐकलं.